डालड्याची नानकटाई, नारळाचा केक

दिवाळीच्या आधी बेकरीबाहेर डबे घेऊन रांग लागायची, ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना नानकटाईचं प्रमाण आजही तोंडपाठ असेल. मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, पिठीसाखर, वेलची-जायफळ आणि पिवळ्या डब्यातला डालडा. तो परातीत हाताने फेसायचा, पांढराशुभ्र होईपर्यंत. मनगटं भरून यायची. मग भट्टीवाल्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडून, कडेला नावाची चिठ्ठी खोचून वाट बघत बसायचं. त्या नानकटाईत अंडं नव्हतं, दूध नव्हतं, लोणीही नव्हतं. साजूक तूप परवडत नाही म्हणून डालडा आलेला, प्राण्यांच्या कळवळ्याने नव्हे. पण मी दूधदुभतं सोडलं तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच नानकटाई.

अंड्याचं मात्र आमच्या घरात नावही काढायची सोय नव्हती. आई केक शिकली तो मिल्कमेडचा. कुकरची रिंग नि शिट्टी काढायची, तळाला वाळू पसरायची, त्यावर डबा. म्हणजे आम्ही अंडं काढलं आणि त्याच्या जागी आटवलेल्या दुधाचा अख्खा डबा ओतला. बिनअंड्याचा तो शाकाहारी, हे समीकरण तिथे पक्कं झालं. पुढे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यानेही तेच मानलं.

त्याही आधीचा केक आजीचा. भाद्रपदात तिच्या कोकणातल्या घरी परसातली तवशी जून होऊन पिवळी पडली, की धोंडस व्हायचं. तवसं किसायचं, त्याचं पाणी टाकायचं नाही. कोरड्या भाजलेल्या तांदळाच्या रव्याला तेवढाच ओलावा. त्यात गूळ, भरपूर ओलं खोबरं, चिमूटभर मीठ नि हळद. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचं पान, वर हे मिश्रण, आणि झाकणावर निखारे. खालूनवरून मंद विस्तव मिळाला, की कड तांबूस व्हायची आणि हळदीच्या पानाचा वास पार अंगणापर्यंत यायचा. ओव्हन म्हणजे याहून वेगळं काय असतं? गरम धोंडस कापायला आजी कधीच द्यायची नाही, भुगा होतो म्हणून.

वाढताना त्यावर लोणकढं तूप यायचंच, हेही खरं. जुनं स्वयंपाकघर व्हीगन होतं असं मी म्हणणार नाही. पण ते तूप ज्या गाईचं, ती गोठ्यात उभी असायची. वासरू आधी ढुसण्या देऊन पान्हा सोडवायचं, दोन सड त्याच्या वाटणीचे, उरलेलं घरात. आता दूध पहाटे पिशवीतून येतं आणि गाय कुठे आहे ते कुणाला ठाऊक नसतं. दूध चालू राहायचं तर वेतामागून वेत हवं. आणि जन्मलेल्या गोऱ्ह्याला ट्रॅक्टर आल्यापासून ना शेतात काम, ना गोठ्यात जागा. माझ्या भाचीने एकदा सरळ विचारलं, ‘‘मावशी, त्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं?’’ मला उत्तर माहीत होतं. त्यानंतर पिशवी बंद केली.

आज भाची आणि मी मिळून केक करतो. सोयाच्या दुधात चमचाभर व्हिनेगर घातलं की ते फाटल्यासारखं दाट होतं, आणि त्यातला आंबटपणा सोड्याला भेटला की पीठ फुगतं. अंड्याचं बांधून ठेवायचं काम जवस करतो: एक चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं. ज्या जवसाची आपण लसणीबरोबर चटणी कुटत आलो, तोच असा बुळबुळीत होऊन केक धरून ठेवतो. सगळ्यात नवल छोल्यांच्या पाण्याचं. 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या ध्यानात आलं की डबाबंद छोल्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. घरी शिजवलेल्या छोल्यांचं पाणी थोडं आटवून घ्यावं लागतं, मग साखर घालून फिरवलं की भांडं उलटं केलं तरी फेस जागचा हलत नाही.

नानकटाईही होते, पण डालड्याची नाही. तो काही मला परत नको. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत ते आपसूक फेसण्याजोगं होतं, आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. धोंडसात तर काहीच बदलायचं नाही, फक्त वरून नारळाचा दाट रस. 2022 मध्ये सरकारने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं. ते पाहून बरं वाटलं, कारण हिरवा ठिपका दुधाबद्दल काही सांगत नाही. बदामाचं महाग दूध घेतल्याशिवाय हे जमत नाही असं अनेकींना वाटतं. ज्या किनाऱ्यावर खांडवी, पातोळ्या नि नारळाच्या रसाबरोबर घावन खाल्ले जातात, तिथल्या माणसांनी तरी असं म्हणू नये.

अडलं ते एका ठिकाणी. नारळाच्या दुधात चिनीगवत, गूळ, केशर, वेलची घालून मी वड्या थापते. चांगल्या लागतात, मुलं मागून खातात. पण तो खरवस नव्हे. खरवसाची ती जाळी चिकाशिवाय पडत नाही, आणि चीक वासराचा. त्यामुळे खरवस माझ्यापुरता संपला. आठवण येते, आणि चांगलीच येते.