खराद आणि खटका

लेथ मशीनला आमच्या घरात 'खराद' म्हणतात. कातकाम करणाऱ्या कारागिराला अरबीत 'खर्रात' म्हणतात. तोच शब्द फारसीतून उर्दूत आला. शब्द जिभेवर राहिला, कारागीर मात्र बिरादरीच्या नजरेतून उतरला. लग्नाची बोलणी चालतात तेव्हा 'मुलगा मास्टर आहे' हे मोठ्याने सांगतात, 'मुलगा खरादी आहे' हे हळू आवाजात. आम्ही बी.एड. झालेले मास्टर, आमचे मामू खरादी. त्यामुळे हा फरक आम्ही घरातच पाहिला.

मामूंच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. एका ज्येष्ठात वादळाने तार तुटली, वीज गेली, मशीन थांबली. चकमध्ये अडकलेला लोखंडी छिलका काढायला त्यांनी हात घातला. खटका चालूच राहिला होता आणि वीज आली. मोठ्या कारखान्यात मशीनला स्टार्टर असतो; त्या लहान दुकानात साधा खटका होता. "मशीन का क्या कसूर," एवढेच मामू म्हणतात.

मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २३२० मेगावॅट आहे. ती वीज ग्रीडमध्ये दूरदूर जाते. वादळात गल्लीतली तार तुटली की मात्र आमच्याकडेही अंधारच.

गेल्या वर्षी मामूंनी टेबलावर मावेल अशी जुनी खराद घेतली. तिची मोटर जळालेली होती. भंगारातून विजेवरच्या सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटर आणून बसवली; पण ती एकाच वेगाने धावे. काम तसे होत नाही. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे पोलाद कापताना मिनिटाला साधारण २५ मीटर वेग धरतात. १० मिलिमीटरच्या सळईला त्यासाठी मिनिटाला सुमारे ८०० फेरे लागतात, ५० मिलिमीटरच्या तुकड्याला १६०. मामू म्हणाले, "मास्टर, किताब में बर्की रौ पढाते हो ना? अब उसको काबू करके बताओ."

मध्ये रोध घालून वेग कमी करता येतो. पण निम्मे व्होल्टेज त्यात उडवले तर १० अँपिअरला १२० वॅट नुसती उष्णता होते, आणि लोड आला की मोटर दबते. म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. मोटरला व्होल्टेज पूर्ण द्यायचे, पण तुकड्या-तुकड्यांनी, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. चालू वेळ जास्त तर वेग जास्त. ही चालू-बंद ठरवायला ५५५ ही चिप घेतली; हान्स कामेन्झिंड यांनी ती १९७१ साली रचली. तिच्या इशाऱ्यावर मॉस्फेट मोटरचा प्रवाह जोडतो आणि तोडतो. प्रवाह तुटताच मोटरच्या गुंडाळीतून जो झटका येतो, त्याला वाट द्यायला उलटा डायोड लावला.

वेगाचे काम झाले. मग आम्ही एक रिले जोडला. हिरवे बटण दाबले की रिले लागतो आणि स्वतःच्याच संपर्कातून लागलेला राहतो. वीज गेली की सुटतो. वीज परत आली तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. मामूंनी भिंतीवरचा प्लग काढला, पुन्हा लावला. चक स्थिर राहिला. त्यांनी तिसऱ्यांदा करून पाहिले. मग अर्धे बोट चकवर ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा डबा आम्ही नववीच्या वर्गात नेला. पुस्तकातली 'मुजाहमत' म्हणजे मराठीतला रोध आणि वर्कशॉपमधला रेझिस्टन्स, हे मुलांना तेव्हा पटले. वर्तुळाच्या परिघाचे सूत्रही पहिल्यांदा कामाचे वाटले.

अल्-जझरींचा यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ साली पूर्ण झाला, हे आम्ही जलशांत अभिमानाने सांगतो. पण दियारबकरच्या दरबारातले ते गृहस्थ स्वतः यंत्रे घडवत, हे सांगायचे राहून जाते. दहावीनंतर आमची कितीतरी मुले वर्कशॉपमध्ये जातात. जाऊ देत, त्यात कमीपणा नाही. फक्त जाताना त्यांच्याजवळ एवढे ज्ञान हवे, की मालकाला 'या मशीनला स्टार्टर लावा' असे सांगता यावे, आणि नाही लावला तर स्वतः बनवता यावा. मास्टरची किताब आणि मामूंचा हात वेगळे राहिले, तर किंमत बोटांनी मोजावी लागते.