रुंद फळी कुठे मिळते? – एका टेबलाच्या निमित्ताने गणित आणि विज्ञान



तुमच्या घरात आजी-आजोबांच्या काळातला बसायचा पाट असेल तर तो जरा उलटा करून बघा. जुन्या पाटाची फळी बहुधा एकाच तुकड्याची असते. चांगली चौदा-पंधरा इंच रुंद, आणि खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. आता अलीकडे बाजारातून आणलेला पाट उलटा करा. त्यात दोन-तीन फळ्यांचे जोड दिसतील, नाहीतर प्लायवुडवर सनमायका चिकटवलेला असेल. असं का झालं असावं, हे मुलांना विचारा. माझ्या वर्गातलं पहिलं उत्तर होतं, "पूर्वीचे सुतार भारी होते." सुतार आजही भारी आहेत. पण तेवढ्या जाडीची झाडं आता बाजारात फारशी येत नाहीत, हे खरं कारण.

हे मला पुस्तकातून नाही, तर एका टेबलामुळे नीट कळलं. सातारा जिल्ह्यातली आमची शाळा आठवीपर्यंतची. वाचनालयासाठी एक मोठं टेबल करायचं ठरलं, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, भोवती आठ मुलं बसतील असं. पैसे पालकांनी वर्गणी काढून दिले होते. त्यात शेतमजुरी करणाऱ्या आयांचे पन्नास-पन्नास रुपयेही होते. त्यामुळे वर्षभरात फुगणारं, कडा सुटणारं टेबल आणणं मला शक्य नव्हतं. लाकूड शोधायची जबाबदारी माझ्याकडे आली.

रुंदी म्हणजे झाडाचं वय

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील सुतार आहेत. त्यांनी आधी मलाच विचारलं, "बाई, फळी रुंदच कशाला हवी? सहा-सहा इंचाच्या पाच जोडून देतो. उलट कमी वाकतात." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अरुंद फळ्या नीट जोडल्या तर टेबल सपाट राहतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पण प्रत्येक जोड म्हणजे नीट रंधा मारून जुळवायची एक कड, आणि मुलांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासली जाणारी एक फट. आम्ही मधला मार्ग काढला. पंधरा इंचाच्या दोन फळ्या, मध्ये एकच जोड.

आता पंधरा इंचाच्या फळीला ओंडका केवढा लागतो? हे गणित आठवीच्या मुलांनी केलं. घेर ४८ इंच असेल तर व्यास ४८ ÷ ३.१४, म्हणजे साधारण १५.३ इंच. म्हणजे झालं काम, असं मुलांना वाटलं. पण सालीलगतचं पांढरं लाकूड वापरायचं नसतं, कारण कीड आधी तिथे लागते. दोन्ही बाजूंनी एक-एक इंच गेला की १३ उरतात. शिवाय बरोबर मधून काढलेल्या फळीत झाडाचा मऊ गाभा येतो आणि ती तिथेच चिरते. म्हणून फळी मध्य सोडून काढावी लागते आणि मध्यापासून दूर गेलं की रुंदी आणखी कमी होते. (वर्तुळाची जीवा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.) थोडक्यात, साठ इंचाहून जास्त घेर हवा.

वनविभागाच्या सागाच्या लागवडी साधारण ६० ते ८० वर्षांनी तोडायच्या हिशेबाने केल्या जात. खाजगी जमिनीतला साग मात्र अनेकदा वीस-पंचवीस वर्षांतच तोडला जातो. त्याचा घेर लहान आणि त्यात पांढरं लाकूड जास्त. तेव्हा रुंद फळी मागणं म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचं झाड मागणं.

कुठे कुठे शोधावं

पहिलं ठिकाण अर्थातच लाकडाची वखार. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि मुंबईत रे रोडचा लाकूडबाजार ही जुनी ठिकाणं. इथे परदेशातून आलेला सागही भरपूर असतो, पण त्यातलाही बराच लागवडीचा आणि कमी घेराचा. वखारीत जाऊन "रुंद फळी आहे का?" असं विचारू नका. "मोठ्या घेराचा ओंडका कापलाय का, त्याच्या मधल्या फळ्या बाजूला ठेवल्यात का?" असं विचारा. रुंद फळी आली तरी ती चौकटीसाठी उभी चिरली जाते, कारण चौकटी रोज खपतात. आधी सांगून ठेवलं तर वाचते.

दुसरं ठिकाण म्हणजे आरागिरणी, म्हणजे आपली सॉ मिल. ओंडका कापायच्या वेळी आपण तिथे असलो तर हव्या त्या जाडीची फळी काढून मिळते. पण ती ओली असते. हवेत वाळवायचं तर एक इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे.

तिसरं, वनविभागाच्या आगारातले लिलाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहचा साग प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. मात्र लिलावात लाकूड लॉटने विकलं जातं. एका टेबलासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. पण तुमच्या भागातला कोणता गिरणीवाला तिथून माल आणतो, हे विचारून ठेवा.

आणि चौथं ठिकाण म्हणजे जुनं लाकूड. पाडलेल्या वाड्यांची दारं, फडताळं, माळ्याच्या फळ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या झाडांचं लाकूड आज जर कुठे असेल तर ते इथे.

शाळेतला आंबा

हा शोध चालू असताना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी सुचवलं, "मैदानाच्या कडेला आंबा उभा आहे. झाड शाळेचंच. पालकांचे पैसे कशाला घालवता?" त्यांचा हेतू चांगला होता आणि काहींना ते पटलंही. ज्या झाडाखाली मुलं दुपारचा डबा खातात, ते पाडायचं का, असा प्रश्न उभा राहिला.

मी तेव्हा भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना टेप घेऊन झाडाकडे पाठवलं. घेर भरला ८४ इंच, म्हणजे व्यास जवळजवळ २७ इंच. फळ्या निघाल्या असत्या, आणि चांगल्या रुंद! मुलांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं. मग त्यांनी पुढची माहिती जमवली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, फणस, जांभूळ, चिंच हीसुद्धा झाडं आहेत, ती तोडायला परवानगी लागते. दोन इंच जाडीच्या फळ्या वाळायला दोन वर्षं लागणार. आणि सुतारदादांनी सांगितलं की आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो, वाळवताना फार जपावं लागतं.

हा कागद समितीपुढे वाचला गेला. आठवीतली एक मुलगी एवढंच म्हणाली, "टेबल होईल तेव्हा आम्ही शाळेत नसू, आणि झाडही नसेल." ज्यांनी सूचना केली होती त्यांनीच ती मागे घेतली, आणि तालुक्याच्या गावात एक वाडा पाडताहेत अशी बातमीही त्यांनीच आणली.

कोठीचं दार

त्या वाड्याच्या धान्याच्या कोठीला दोन कवाडं होती. प्रत्येक कवाड एकाच सागवानी फळीचं! वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराने हिशेब सांगितला, दोन्ही मिळून तीन घनफूट. आमची मुलं टेप घेऊन गेलीच होती.

फळीचे घनफूट काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी फुटांत × रुंदी इंचांत × जाडी इंचांत ÷ १४४. कवाड होतं ६ फूट लांब, १६ इंच रुंद आणि पावणेदोन इंच जाड. म्हणजे ६ × १६ × १.७५ ÷ १४४ = १.१७, आणि दोन्हींचे २.३३ घनफूट. ठेकेदाराने बाहेरच्या पट्टीसकट १८ इंच आणि २ इंच धरले होते. मुलांनी आकडे दाखवले, त्याने पुन्हा मोजलं आणि मान्य केलं. बिल पाचव्या हिश्शाहून अधिक कमी झालं. पालकांचे पैसे अपूर्णांकांच्या धड्याने वाचले, असं मी पालकसभेत सांगितलं तेव्हा आया हसल्या, पण वहीतलं गणित बघायला पुढेही आल्या.

लाकूड वाळलेलं आहे का, हे वजनावरूनही कळतं. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो. त्या हिशेबाने एक कवाड २१ किलोच्या आसपास हवं. दुकानाच्या काट्यावर ते २२ भरलं, वरचं थोडं वजन लोखंडाचं. तीस किलो भरलं असतं तर आम्ही संशय घेतला असता.

जुनं लाकूड घेणार असाल तर एवढं कराच: चुंबक फिरवून आत तुटलेले खिळे शोधा, नाहीतर करवतीचं पातं जाईल आणि माणसाला इजा होईल. कडेला टोचून बघा, वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड भुसभुशीत लागतं. फळी डोळ्यासमोर आडवी धरून पीळ पडलाय का ते पाहा. चुंबकाचं काम आमच्या पाचवीच्या मुलांनी केलं आणि सात खिळे सापडले.

वाड्याच्या मालकांनी एकच अट घातली. कवाडाच्या आतल्या बाजूला पोती मोजल्याच्या खुणा कोरलेल्या होत्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी. त्या रंध्याखाली घालवू नका, म्हणाले. सुतारदादांनी तो भाग खालच्या बाजूला ठेवला. आज पहिलीची मुलं टेबलाखाली बसून त्या रेघा पाच-पाचच्या गटाने मोजतात.

वर्गात काय करता येईल

ओंडका विकताना घनफळ काढायची जुनी पद्धत आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ६० इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १.२५ × १.२५ × १० = १५.६ घनफूट. वृत्तचितीच्या सूत्राने मात्र १९.९ येतात. फरक साधारण एकवीस टक्क्यांचा. तो का ठेवला असेल, हा आठवीला विचारायचा छान प्रश्न आहे. (साल, भुसा आणि कडेचे गोल काप आठवा.)

दुसरा उपक्रम सर्वांत सोपा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण जवळजवळ सगळं रुंदीतच, लांबीत नाही. म्हणून रुंद फळी चौकटीला घट्ट खिळ्यांनी ठोकली तर ती चिरते. आमच्या टेबलाला खालून स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवली आहेत, म्हणजे फळी सरकू शकते. मुलांनी टेबलाची रुंदी एप्रिलमध्ये मोजली, ७५.९ सेंटिमीटर. ऑगस्टमध्ये ७६.४. पाच मिलिमीटरचा फरक! लांबी होती तेवढीच राहिली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक मूल रुंदी मोजतं आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहितं.

तुमच्या शाळेत असं टेबल नसलं तरी चालेल. जुनं दार, एखादा पाट, लाकडी फळा, काहीही घ्या. फक्त पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, एकाच जागी खूण करून मोजायला विसरू नका.