दिघोरीचा लोखंडी हल्या

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी या गावी आम्ही निघालो, तेव्हा घरातील मंडळींनी साहजिकच विचारले की, तेथे आहे तरी काय? प्रश्न रास्त होता. दिघोरी हे क्षेत्र नव्हे, की तेथे थंड हवेचे ठिकाण नव्हे. लाखांदूर तालुक्यातील धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले ते एक गाव. आम्ही तेथे पाहावयास नव्हे, तर एक वस्तू परत करावयास चाललो होतो. ती वस्तू म्हणजे चाळीस पानांची एक शाळकरी वही. गेली एक्केचाळीस वर्षे ती आमच्या पेटीत, अमरकोशाच्या खाली पडून होती.

या प्रवासाचे निमित्त मात्र घरातच घडले. आमच्या धाकट्या बंधूंची नात पुण्यास शिकते. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली आणि तिने जाहीर केले की, पदवी झाल्यावर दोन वर्षे आपण अद्भुत कादंबरी लिहिणार. तिची आई घाबरली, वडील गप्प झाले, आणि कुटुंबातील वडीलधारे व त्यातून मास्तर म्हणून तिची समजूत घालण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तिला बोलावून विचारले, “बाळ, हे अद्भुत म्हणजे नेमके कोणते?” ती म्हणाली, “आजोबा, स्टीमपंक.”

हा शब्द आमच्या कोशात नव्हता. तिने समजावून दिला तो असा: तेल आणि वीज यांनी वाफेला मागे सारले नसते, तर जग कसे झाले असते? पितळेची चाके, तांब्याचे बंब, वाफेवर उडणारी विमाने आणि वाफेवर चालणारी यंत्रपुरुषांची पलटण अशा कल्पित जगाच्या या कथा. हे नाव के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने 1987 साली एका मासिकास लिहिलेल्या पत्रात, अर्ध्या विनोदाने, प्रथम वापरले. ते ऐकताच आमच्या मनात काहीतरी हलले, आणि त्याच रात्री आम्ही पेटी उघडली.

ती वही 1984 सालची. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी संस्कृत व मराठी शिकवीत होतो. वर्गात दिघोरीचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे मामा वडशास राहत. तेथून त्या काळी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, गोंदियाहून चांद्याकडे, छोटी गाडी जात असे. तिचे काळे इंजिन त्या मुलाने पाहिले, आणि घरी येऊन गोष्ट लिहिली. गोष्टीत गावाचा लोहार एक लोखंडी हल्या तयार करतो. त्याच्या पोटात पाणी, छातीत विस्तव, आणि नाकपुड्यांतून वाफ. तो चिखलणी करतो, थकत नाही, चारा मागत नाही. परंतु एका रात्री तो तलावाच्या पाळीवर जाऊन उभा राहतो आणि खऱ्या म्हशींसारखे पाण्यात बसू द्या म्हणून हट्ट धरतो. पाण्यात बसावे तर विस्तव विझेल, न बसावे तर तो हल्या कसला? अशी ती गोष्ट.

आम्ही काय केले? तांबडी शाई घेतली. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. म्हणून मुलाने ‘पानी’ लिहिले होते, ‘डोरे’ लिहिले होते. आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘पाणी’ आणि ‘डोळे’ केले. शेवटी शेरा दिला की, भाषा शुद्ध करावी व असंभाव्य गोष्टी लिहून वेळ दवडू नये. वही कपाटात ठेवली. मुलाने मागितली नाही, आणि आम्हीही दिली नाही. तेवढ्यात आमची बदली झाली.

आता त्या नावाचा जन्म 1987 चा आणि दिघोरीची वही 1984 ची, हे ध्यानात आल्यावर आम्ही नातीकडून या पंथाच्या लेखकांची माहिती मिळवून वाचू लागलो. आमची कल्पना अशी होती की, असली माणसे कामधंदा सोडून आढ्याकडे पाहत पडलेली असावीत. प्रत्यक्षात उलटेच आढळले.

जेटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील विद्यापीठात शिकताना झालेले मित्र. त्यांच्या अद्भुतकथांचे मूळ कोठे, तर हेन्री मेह्यू या वृत्तपत्रकाराने 1851 साली प्रसिद्ध केलेल्या, लंडनच्या गोरगरिबांवरील ग्रंथात! चिंध्या वेचणारे, रस्त्यावर फेरी करणारे, भिकारी यांना स्वतः प्रश्न विचारून त्याने टिपून ठेवले. आणि पॉवर्स यांच्या 1983 च्या ‘द अनुबिस गेट्स’मधील भिकाऱ्यांच्या टोळ्या त्याच पानांतून उठल्या. ब्लेलॉक तर आमच्याच धंद्याचे. मुलांना लेखन शिकविण्यात त्यांनी अनेक वर्षे घालविली.

यांचा मूळपुरुष म्हणावा तो फ्रान्सचा ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांमुळे तो आपल्याकडील मुलांच्या घरचाच झाला आहे. बापाने त्यास वकिलीसाठी पॅरिसला धाडले. पुढे तो शेअरबाजारात काम करू लागला. आणि पहाटे पाचला उठून लिहू लागला. वाचनातून काढलेली त्याची टिपणे वीस हजारांवर होती. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. तरी 1880 साली त्याने जी कादंबरी लिहिली, तीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांची घरे ओढीत कलकत्त्याहून निघतो, हिमालयापर्यंत जाऊन दक्षिणेकडे वळतो, आणि जबलपूरच्या बाजूस त्याचा बंब फुटून अंत होतो. त्या कथेत नानासाहेब पेशवेही आहेत. म्हणजे व्हर्नचा हत्ती आमच्या मुलुखाच्या वेशीपर्यंत आला होता. पुढे गोंदिया-जबलपूरची छोटी गाडीही त्याच भागातून धावली. दिघोरीच्या मुलाने व्हर्नचे नावही ऐकले नव्हते. त्याने हत्ती केला नाही, हल्या केला. कारण त्याच्या घरी हत्ती नव्हता.

आणखी दोन उदाहरणे मास्तर म्हणून आम्हांस विशेष लागली. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन 1930 च्या सुमारास मुलांच्या परीक्षेचे पेपर तपासत होते. एका उमेदवाराने एक पान कोरे सोडलेले आढळले, आणि त्या कोऱ्या पानावर त्यांनी ‘द हॉबिट’चे पहिले वाक्य लिहिले. 1936 साली ते हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले, तेव्हा प्रकाशकाने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलास वाचावयास दिले व अभिप्रायाबद्दल एक शिलिंग दिला. मुलाने पुस्तक उत्तम ठरविले, आणि 1937 साली ते निघाले.

दुसरे उदाहरण आपल्या डॉ. जयंत नारळीकरांचे. एका परिसंवादातील कंटाळवाणे व्याख्यान ऐकता ऐकता त्यांनी कथा लिहावयास घेतली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ पाठविली, ती आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत सौ. मंगलाताईंच्या हातची. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि 1975 च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी तिची दखल घेतली. 20 मे 2025 रोजी नारळीकर निवर्तले, तेव्हा आम्ही हळहळलो. त्यांचे ‘यक्षांची देणगी’ 1984 साली आमच्याच शाळेच्या वाचनालयात होते! शास्त्रज्ञाने लिहिले तर ते साहित्य, आणि दिघोरीच्या पोराने लिहिले तर ती थाप, असा आमचा न्याय होता.

हे सर्व मनात घोळवीत आम्ही नागपूरहून एस.टी.ने निघालो. भंडाऱ्यानंतर वैनगंगा ओलांडून, लाखनीवरून साकोलीस गाडी बदलली आणि दक्षिणेस लाखांदूरकडील वाट धरली. हा तलावांचा देश. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी उतार पाहून, माती दाबून, हे तलाव आणि बोड्या बांधल्या. मोजणीचे यंत्र नसता पाणी कोठे अडेल हे त्यांनी नजरेने जाणले. दिवाळी उलटलेली, हलके धान कापून झालेले, भारी धान अजून पिवळे उभे. मोहाखाली गुरे, पाळीवर बगळे, आणि दूरवर रानाची निळी रेघ.

ती रेघ पाहताना गुणाढ्याची आठवण झाली. वाचकांस ती कथा ठाऊक असेलच. राणीचे संस्कृत न समजल्याने सातवाहन राजा लाजला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत त्यास व्याकरण शिकविले, आणि पैजेत हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून रान गाठले. तेथे पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात वर्षे खपून सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने भाषा नीच म्हणून ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान रानातील पशूंना वाचून दाखवी व अग्नीत टाकी. पशू चरणे सोडून रडत ऐकत. राजाला कळून तो धावत आला, तोवर सहा लक्ष जळाले होते. एक लक्ष उरले. त्या उरलेल्या कथेचे रूप म्हणून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने जो कथासरित्सागर रचला, त्यात लाकडी यंत्रपुतळ्या आहेत, कळीवर चालणारी माणसे आहेत, आणि सुतारांनी केलेली विमानेही आहेत. म्हणजे नातीचा हा पंथ अमेरिकेतून आला असे आम्ही समजत होतो, तो आमच्याच पेटीत होता.

ही कथा आम्ही कित्येक वर्गांना शिकविली; पण आपण तीत कोण, हा प्रश्न कधी पडला नाही. आम्ही आयुष्यभर शर्ववर्म्याच्या पक्षाचे. व्याकरण हवे, त्यावाचून राजाचेही हसे होते, हे आजही आम्ही म्हणू. परंतु पैशाचीत लिहिलेले पान जळत असता केवळ ‘ण’ आणि ‘न’ पाहत बसणे, हे विद्येचे लक्षण नव्हे.

दिघोरीस पोहोचलो तो मंडईचा दिवस होता. या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या हिवाळाभर रात्र रात्र जागवितात, आणि याच झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांस स्मरत असेल. आमचा विद्यार्थी आता चौपन्न वर्षांचा, पिकल्या केसांचा शेतकरी. “गुरुजी!” म्हणून त्याने पायांवर डोके ठेवले, आणि आम्हांस बोलवेना.

चहा झाल्यावर आम्ही वही पुढे ठेवली. त्याने ती उघडली, पाने चाळली, आणि वही आठवते त्याहून लहान आहे एवढेच म्हणाला. मग हळूहळू कळले. आमच्या शेऱ्यानंतर त्याने बारा वर्षे काही लिहिले नाही. पुढे वडील अंथरुणास खिळले. रात्री झोप येत नसे, तेव्हा त्यांनी विचारले की, तुझ्या त्या हल्याचे पुढे काय झाले रे? वही नव्हती, म्हणून तो तोंडीच सांगत गेला, आणि रोज रात्री वाढवीत गेला. वडील गेल्यावर ती गोष्ट त्याने गावच्या मंडळासाठी नाटकात घातली. त्या रात्री आम्ही तो हल्या पाहिला. बांबूचा सांगाडा, वर डब्यांचे पत्रे, आत बसलेला एक पोरगा, आणि ऊद जाळून नाकपुड्यांतून काढलेला धूर. हल्या तलावाच्या पाळीवर येऊन थांबला, तेव्हा हजारभर माणसे निःशब्द झाली.

सकाळी त्याच्या आठ वर्षांच्या नातवाने वही उघडून विचारले, या तांबड्या खुणा कसल्या? आम्ही मान खाली घातली. आजोबा सहज म्हणाले, “गुरुजीनं वाचलं ना बापू, त्याच्या खुना होत.”

मग नातवाच्या आग्रहाने आम्ही ती गोष्ट मोठ्याने वाचली. सवयीने तोंडून ‘पाणी’ गेले. पोराने तत्काळ दुरुस्त केले, ‘पानी’. आम्ही ते वाक्य पुन्हा, शुद्ध करून वाचले.

घरी परतल्यावर आम्ही नातीस व तिच्या आईवडिलांस समोर बसवून आमचा निर्णय सांगितला. दोन वर्षे रिकामी बसण्यास आमची संमती नाही. व्हर्न, टॉल्किन, नारळीकर आणि दिघोरीचा शेतकरी यांपैकी कोणी तसे बसले नाही. तिने नोकरी धरावी आणि पहाटे लिहावे. पण लिहावेच, आणि दर रविवारी आम्हांस फोनवर वाचून दाखवावे. तिने मान्य केले. आईनेही, थोड्या वेळाने. ज्या घरात असे एखादे मूल वह्या लपवून बसत असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांस आमची इतकीच विनंती आहे की, त्यांनी आधी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. ऱ्हस्वदीर्घ मागाहून पाहता येते.