पाणी, गवत आणि आग

इलेक्ट्रिक गाडी घरात आली त्याला आता दुसरा हिवाळा. या काळात नातेवाईक, शेजारी, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर भेटणारे ओळखीचे, सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय, “वाटेत संपली तर?” पेट्रोलच्या गाडीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पेट्रोलही संपतं, पण ते बाटलीत भरून आणता येतं. वीज बाटलीतून आणता येत नाही. ती जिथे आहे तिथे आपल्याला जावं लागतं आणि ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे मागावी लागते.

डहाणूहून मुंबईकडे किंवा वापी-सुरतकडे जाताना या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी सोपं झालंय. महामार्गावरच्या हॉटेलांच्या आवारात चार्जर उभे राहिलेत. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्टही आहे. चारोटी नाक्यावरून पूर्वेला वळलं आणि कासा, तलवाडा करत जव्हारच्या डोंगराकडे निघालं, की मात्र उत्तर बदलतं.

लोकांना वाटतं डोंगर बॅटरी खातो. मी हिशोब करून पाहिला. गाडी आणि आत बसलेली माणसं मिळून साधारण सतराशे किलो. समुद्रकाठच्या डहाणूहून साडेचारशे मीटर उंचीच्या जव्हारपर्यंत एवढं वजन नुसतं वर उचलायला दोन युनिट वीज लागते. मोटरमध्ये, चाकांत वाया जाते ती धरली तरी अडीच. आमच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची. शिवाय उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि चढताना गेलेली थोडी वीज परत बॅटरीत येते. थंडीचंही तसंच. नॉर्वेत शून्याखालच्या तापमानात बॅटरीचा पल्ला पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतो, आणि वरून गाडीत हीटर लावावा लागतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे जव्हारला शेकोटी लागते, स्वेटर लागतो, पण बॅटरीला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तेव्हा अडचण चढाची नाही आणि थंडीचीही नाही. अडचण आहे ती भिंतीवरच्या तीन भोकांची.

गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगला लागतो, गिझरला लागतो तसल्या. त्यातून तासाला तीन युनिटं मिळतात. एका युनिटात गाडी सहा-साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे तासाभराच्या चार्जिंगवर अठरा-वीस किलोमीटर. हळू आहे, पण चालतं. मात्र त्या प्लगला नीट अर्थिंग पाहिजे. अर्थिंग नसेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो वीज घेतच नाही. बल्ब, पंखा, टीव्ही अर्थिंगशिवायही चालतात, त्यामुळे कित्येक घरांत त्या तिसऱ्या भोकात तार कधी गेलेलीच नसते. हे कळायला इलेक्ट्रिक गाडी दारात यावी लागते.

गेल्या डिसेंबरात जव्हारला नात्यातल्या एका बाळाचा अकीका होता. तलासरीहून खालाला घ्यायचं होतं, म्हणून आधी उत्तरेला गेलो. तिथे महामार्गालगतच्या एका हॉटेलात चार्जर होता, मोबाइलवर तो हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात पडदा काळा, केबल खांबाला गुंडाळलेली. पोऱ्या म्हणाला, “साहेब, महिना झाला बंद आहे.” बॅटरीत बरंच होतं, चहा घेऊन निघालो. जव्हारला ज्यांच्याकडे उतरलो ते घर जुनं, लाकडी माडीचं. प्लग होता, लाल दिवा लागला. दुसऱ्या दिवशी मुलांना दाभोसा धबधबा दाखवून आणला आणि दुपारी परतीला निघालो, तेव्हा बॅटरी पंचवीस टक्क्यांवर होती. चारोटीपर्यंत पन्नासच्या आसपास किलोमीटर आणि तिथून पुढे डहाणू.

दिवाळीनंतरच्या त्या रस्त्याचं एक दृश्य ठरलेलं असतं. भातकापणी झाली, झोडणी झाली, की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर कामाला निघतात. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुलं, सगळा संसार. आम्ही उतरत होतो आणि असा एक टेम्पो आमच्या पुढे होता. मागच्या फळीला धरून एक लहान मुलगी आमच्या गाडीकडे बघत होती. आवाज न करता चालणारी गाडी तिला नवलाची वाटत असावी. माझं लक्ष मात्र टक्क्यांवर होतं.

तलवाड्याच्या अलीकडे एका गावात भाताची गिरणी चालू दिसली. गिरणी म्हणजे थ्री-फेज कनेक्शन, म्हणजे अर्थिंग असणार, असा अंदाज. थांबलो. गिरणीवाले काका साठीच्या पुढचे, अंगावर कोंड्याची पांढरी धूळ. मी अडचण सांगितली. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटकडे पाहिलं, खालाकडे पाहिलं आणि म्हणाले, “लावा की. पण आधी या बायांचं भात होऊ दे. मोटर चालू असताना व्होल्टेज पडतं.”

भाताची गाठोडी घेऊन चार बाया रांगेत होत्या. आमचा नंबर पाचवा. पाऊण तास गेला. शेवटचं गाठोडं झाल्यावर चार्जर लावला, तर पुन्हा लाल दिवा. मला वाटलं, संपलं. काकांना मात्र काही वाटलं नाही. ते म्हणाले, “खड्डा सुकला असंल. पावसाळ्यात ठीक असतो.” गिरणीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. त्यांनी मूठभर मीठ टाकलं आणि रांगेतल्या एका बाईने हापशावरून भरून आणलेला हंडा न विचारता त्यात ओतला. पाच मिनिटांनी दिवा हिरवा झाला.

अडीच तास आम्ही तिथे होतो. खालाने अंगणात रिकामी पोती अंथरून असरची नमाज पढली. पोती कोणी झटकली, किब्ल्याच्या दिशेला येणारी खाट कोणी बाजूला केली, ते मी पाहिलं. नंतर काळा चहा आला. निघताना काकांनी मीटरचा आकडा वाचला, सुरू करताना कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलेला आकडा वजा केला आणि आठ युनिटांचे पैसे घेतले. मी नोट पुढे करून बाकीचे राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, “कशाला? विजेचं बिल मला येतं, बाकी कशाचं येत नाही.” चहाचे पैसे घेतले नाहीत.

घरी परतताना खाला एका हदीसविषयी बोलत होती. अबू दाऊदच्या संग्रहात आहे ती. तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, पाणी, गवत आणि आग, असा तिचा आशय. एका रिवायतीत मुसलमान भागीदार आहेत असं येतं, दुसरीत लोक भागीदार आहेत असं. फुकहांनी तिची मर्यादाही सांगितली आहे. नदीचं पाणी सगळ्यांचं, पण कष्टाने भांड्यात भरून आणलेलं भरणाऱ्याचं. काकांचा हिशोब त्याच वळणाचा होता. मीटरमधून आलेली वीज त्यांची, म्हणून तिचे पैसे घेतले, आणि अडलेल्याला ती नाकारली नाही.

ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलोय. डहाणू-तलासरीच्या मातीत उभं राहून ती ऐकली की मात्र वेगळी ऐकू येते. एकेक गोष्ट घ्या.

पाणी. सूर्या प्रकल्प बांधला गेला तो इथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. डहाणू, विक्रमगड, पालघर तालुक्यांतली शेतं भिजावीत म्हणून. आज त्या पाण्याचा मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांसाठी राखलेला आहे.

गवत. १९४५ साली याच भागातल्या वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठबिगार नाकारली. तलासरीजवळच्या झरी गावातल्या सभेपासून ते पर्व सुरू झालं आणि गोदावरी परुळेकरांनी ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवून ठेवलंय. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लढा पेटला तो गवत कापण्याच्या मजुरीवरून, आणि तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. आमची गाडी चार्ज झाली ती गिरणी त्याच तलवाड्याच्या रस्त्यावर आहे.

आग. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून चालू. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, तरी ते झालं. कोळसा इथे जळतो, राख इथे पडते, चिकूच्या बागांवर काय परिणाम होतो याचे वाद इथे चालतात. वीज मुंबईच्या उपनगरांना जाते.

तीन भागीदारीच्या गोष्टी, आणि तिन्हींत या डोंगराचा वाटा दुसरीकडे गेलेला. म्हणून मला त्या गिरणीच्या अंगणात थोडं अवघडल्यासारखं झालं. इस्लाममध्ये मुसाफिराला मोठा हक्क आहे. त्याची नमाज अर्धी होते, रोजा पुढे ढकलता येतो. जकातीच्या आठ हक्कदारांत तो आहे, घरी सुखवस्तू असला तरी वाटेत अडला तर हक्कदार. त्या दुपारी तो हक्क माझ्याकडे होता. पण हंडा ओतणारी बाई आणि टेम्पोतली ती मुलगी, त्यांच्याही आयुष्याचा अर्धा भाग प्रवासातच जातो, आणि वीटभट्टीच्या वाटेवर त्यांना मुसाफिर कोणी म्हणत नाही.

कुरआनात माऊन नावाची एक छोटी सूरह आहे. जे नमाज पढतात पण दाखवण्यासाठी, आणि रोजच्या वापरातली साधी वस्तू मागितली तर देत नाहीत, त्यांच्याबद्दल ती कठोर बोलते. साधी वस्तू म्हणजे काय, याची मुफस्सिरांनी यादी दिली आहे: बादली, हांडी, कुऱ्हाड, मीठ, पाणी, विस्तव. आजच्या काळात त्या यादीत १५ अँपिअरचा प्लग घालायला हरकत नसावी. शहरातल्या किती सोसायट्यांत सभासदालाच स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाहीत, हे ज्यांनी गाडी घेतली आहे त्यांना ठाऊक आहे. एनओसीसाठी महिनोन्‌महिने फेऱ्या मारणारे मित्र मला माहीत आहेत. तिथे प्लग आहे, अर्थिंग आहे, गिरणीची रांग नाही. देण्याची इच्छा तेवढी नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्टही निघते. चार्जिंग म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलंय. म्हणजे चार्जिंगची सोय कोणालाही करता येते. कासा ते जव्हार, जव्हार ते मोखाडा, या रस्त्यांवर उद्या चार्जर येतीलच. पर्यटन वाढतंय, गाड्या वाढतायत. ते कोणाच्या अंगणात येणार, हा खरा प्रश्न आहे. बाहेरची कंपनी जागा भाड्याने घेऊन काळ्या पडद्याचं यंत्र उभं करणार, की भाताच्या गिरण्या, बचत गट, ग्रामपंचायती यांना दोन चांगले प्लग, नीट अर्थिंग आणि वेगळा मीटर मिळणार? दुसऱ्या गोष्टीला खर्च थोडा आहे. युनिटामागे दोन-चार रुपये सेवेचे घेतले तर ते त्याच गावात राहतील, आणि कदाचित एखाद्या घराचा वीटभट्टीचा हंगाम थोडा उशिरा सुरू होईल. तीन भागीदाऱ्यांपैकी निदान एकीत तरी डोंगराचा वाटा डोंगरात राहील.

तोवर माझ्यासारख्यांनी काय करावं, तर चार साध्या गोष्टी. चार्जरसोबत अर्थिंग तपासायचा छोटा टेस्टर ठेवावा. मोबाइलवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, फोन करून विचारावं. मीटरचा आकडा मागण्याआधी आपणच लिहून ठेवावा आणि पैसे युनिटाप्रमाणे द्यावेत, उपकार म्हणून ठेवू नयेत. आणि भाताची गाठोडी घेऊन बाया उभ्या असतील तर त्यांच्या मागे उभं राहावं.