जुना तांदूळ

शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण इतक्या सहजतेने म्हणून जातो, की ती परीक्षा कोणत्या अटींवर न्याय्य ठरते याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. माझ्यावर तो पंचावन्नाव्या वर्षी, पुन्हा नोकरी शोधताना आला. आधण आले की तांदूळ वैरावेत, पाणी आटत आले की डावाच्या टोकावर एक शीत घेऊन ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चेपावे, आत पांढरी कणी लागली तर झाकण पुन्हा ठेवावे, ही परीक्षा सहसा चुकत नाही. परंतु ती चुकत नाही याचे कारण हे, की टोपातील सारा तांदूळ एकाच पोत्यातला असतो आणि एकाच वेळी विस्तवावर चढलेला असतो. तीस वर्षांची नोकरी अशी एका आधणात शिजत नाही. तिच्यातले कोणतेही एक वर्ष हाती घेतले, तरी त्यावरून लगतच्या वर्षाविषयी खात्रीने काही सांगता येईल असे मला वाटत नाही.

आणि हल्ली चेपून पाहिले जाणारे शीत बहुधा जन्मतारखेचे असते. पूर्वी अर्ज कोऱ्या कागदावर लिहीत; वय त्यातही नमूद करावे लागे, पण वाचणाऱ्याची दृष्टी अक्षर, भाषा, पूर्वीच्या मालकाचा दाखला यांवरून फिरत फिरत तिथवर पोचे. आता संगणकाच्या पडद्यावर आरंभीच साल निवडायचे असते, आणि बोट सरकवीत एकेक दशक मागे टाकून आपल्या सालापाशी येईपर्यंत आपण किती दूरचे झालो आहोत हे अर्ज पुरा होण्यापूर्वीच उमगते. शासकीय नोकरीत निदान मर्यादा छापील असते: महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. खासगी आस्थापनेत ती कोठेही लिहिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध फिर्यादही करता येत नाही. मुलाखतीपर्यंत मजल गेलीच, तर समोरचा तरुण अधिकारी अत्यंत सौजन्याने म्हणतो, "सर, तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे." त्याचा मला राग येत नाही, त्यालाही वर कोणाला तरी जबाब द्यायचा असतो. इकडे भविष्य निर्वाह निधीचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू व्हायचे, आणि त्याची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १००० रुपये आहे. मधली वर्षे कशी काढावीत, याची तजवीज ज्याची त्याने करायची.

पण मन पुन्हा तांदळाकडेच वळते. आमच्या रत्नागिरी शहरालगत शिरगावला भात संशोधन केंद्र आहे. 'रत्नागिरी १', 'रत्नागिरी २४' ही वाणे याच मातीच्या नावाने शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. कोणतेही वाण घ्या, नवा तांदूळ चिकट होतो, त्याचा भात गिच्च बसतो. दोन-तीन वर्षे मुरलेला तांदूळ मात्र पाणी अधिक पितो, फुलतो, शीत शिताला चिकटत नाही, कारण साठवणीत दाण्याची घडण घट्ट होत गेलेली असते. लग्नकार्यातला आचारी म्हणूनच जुना तांदूळ मागतो आणि दुकानदार त्याचा भाव चढा लावतो. हा विचार सुचला तेव्हा मला मोठे समाधान वाटले. परंतु तेच भात टरफलासकट राखून रोहिणीच्या पेरणीला काढले तर? कोकणच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे पाहिलेले बियाणे रुजेलच असा भरवसा कोणी देत नाही; शहाणा शेतकरी आधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती मोड फुटतात ते पाहतो, आणि थोडेच फुटले तर त्या भातावर न रागावता ते बाजूला ठेवतो. दाणा तोच, वयही तेच. टोपात त्याला मान आणि शेतात नकार. मला नाकारणाऱ्यांना आजचे जेवण रांधायचे होते, की पुढच्या वीस वर्षांची पेरणी करायची होती? पेरणीच करायची असेल, तर त्यांनी अन्याय केला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यावर उत्तर म्हणून कोकण रेल्वेकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. ई. श्रीधरन १९९० मध्ये ५८ व्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी या मार्गाची धुरा त्यांच्याकडे आली. आमच्या जवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि १९९८ च्या जानेवारीत धावू लागलेली सलग गाडी, हे सारे त्या तथाकथित उतरत्या वयातले कर्तृत्व. पण एका श्रीधरनांवरून सर्व ज्येष्ठांची योग्यता ठरवू पाहणे, ही पुन्हा शितावरचीच परीक्षा झाली. शिवाय १९६४ च्या वादळाने मोडलेला पांबनचा पूल त्यांनी ४६ दिवसांत उभा केल्याचे रेल्वेला ठाऊक होते. त्यांना ओळखणारे कोणी तरी शिल्लक होते, हीच कदाचित खरी गोष्ट असावी.

मुलगा म्हणतो, "बाबा, बायोडेटातली पहिली दहा वर्षं काढून टाका." त्या दहा वर्षांत मी कीर्द आणि खतावणी हाताने लिहिली. तेरीज जुळेना आणि तफावतीला नवाने नि:शेष भाग जात असेल, तर कोठे तरी आकडे उलटे पडले असावेत, ६३ च्या जागी ३६ लिहिले की २७ चा फरक येतो, हे आमच्या वृद्ध हिशेबनिसांनी मला दप्तर मिटण्याच्या वेळी शेजारी बसवून शिकविले. २०१७ च्या जुलैत वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हाही विक्रेत्याचे विवरण आणि आमची वही यांत फरक दिसला की मी प्रथम नवाने भाग घालून पाही, आणि पुष्कळदा चूक तेथेच सापडे. मात्र शेजारच्या मेजावरचा मुलगा दोन्ही याद्या संगणकाला देऊन तीच चूक माझ्या आधी काढी, हेही खरे आहे. मग त्या दहा वर्षांत मी जे मिळविले ते ज्ञान होते, की केवळ त्या काळाची सोय होती? ती वर्षे गाळली, तर उरलेल्या वर्षांतला माणूस कोणाकडे शिकला हे सांगायला जागा राहत नाही. ठेवली, तर अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत अडकेल. मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आणि अनुभवाचा तो रकाना मी अद्याप भरलेला नाही.