दम खायच्या जागा

सिंहगडाच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो. तरी रविवारी भल्या पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीत जाऊन पाहावं, तर अंधारात बॅटऱ्यांची एक रांगच्या रांग डोंगर चढत असते. त्यात निवृत्त बँकवाले असतात, रात्रपाळी संपवून थेट आलेली आयटीतली पोरं असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या काकू असतात आणि पुढच्या महिन्यात हिमालयात जायचं म्हणून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या कोंबून चढणारे वीरही असतात. वर पोचल्यावर यातला जो तो दुसऱ्याला एकच प्रश्न विचारतो, "किती वेळ लागला?"

या प्रश्नाशी माझं भांडण नाही. व्यायाम म्हणूनच मीही जातो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे सहाशे मीटरची उंची, तीही सलग. सपाटीवर ज्याला पळाल्याशिवाय घाम येत नाही, त्याचं हृदय इथे साध्या चालीतही धडधडायला लागतं. जिमच्या पट्ट्यावर हे जमत असेलही. पण तो पट्टा कधी घसरत नाही, त्यावर कधी मुरूम नसतो, आणि पाय कुठे ठेवायचा हे प्रत्येक पावलाला नव्यानं ठरवावं लागत नाही. डोंगर पायांइतकाच डोळ्यांना आणि तोलाला कामाला लावतो.

माझं म्हणणं एवढंच, की सह्याद्रीत दम लागणं ही अडचण नाही, तीच सोय आहे. चढण माणसाला हळू करते. हळू झाल्याशिवाय हा डोंगर दिसत नाही.

आणि दम खायला कुठे थांबायचं, हेही डोंगरानंच ठरवून ठेवलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. घट्ट थराचा कडा होतो, भुसभुशीत थर झिजून त्याची सपाटी होते. म्हणून समोरच्या कुठल्याही डोंगराकडे पाहा, त्याच्या अंगावर आडव्या रेघा ओढलेल्या दिसतात. पायाला या रेघा वेगळ्या कळतात. आधी खडी चढण, कातळ, हात टेकावे लागतील असा एखादा टप्पा. छाती भात्यासारखी चालू लागते, आता पुरे असं वाटतं, आणि तेवढ्यात वाट सपाट होते. ताकवाल्या मावशी नेमक्या तिथेच बसलेल्या असतात. त्यांना भूगर्भशास्त्र कुणी शिकवलेलं नाही. माणूस कुठे मोडतो ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. पहाटे डोक्यावरून ओझं वाहून आणून त्यांनी दुकान मांडलेलं असतं. आपण धापा टाकत पोचतो तेव्हा त्या शांतपणे लिंबू पिळत असतात. "बसा दादा, दम खावा जरा," असं त्या म्हणतात ते गिऱ्हाइकासाठी, हे कळत असूनही बरं वाटतं.

एकच डोंगर वर्षभर चढत राहिलं, की या थांब्यांवर ऋतू ओळखीचे होतात. मार्चमध्ये वाटेवर घसारा असतो, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. पण पानं झडलेला पांगारा तेव्हाच लालभडक फुलतो आणि मैनांची त्यावर झोंबाझोंबी चालते. मे महिन्यात करवंदं पिकतात. त्या दिवसांत माझी चढायची वेळ हमखास वाढते, त्याचा दोष करवंदांचा. जूनचे पहिले पाऊस झाले, की खडकाच्या भेगांतून हिरवं काहीतरी डोकं काढतं, आणि धुक्यात न दिसणारा कस्तूर पक्षी ओढ्याकाठी शीळ घालू लागतो. ही शीळ माणसाच्या शिळेशी इतकी जुळते, की मागून कुणी आपल्याला हाक देतंय असं वाटून नवखे लोक वळून बघतात. श्रावण-भाद्रपदात तेरडा येतो, मग सोनकी येते आणि उतारच्या उतार पिवळे करून टाकते. कारवीचं गणित न्यारं. ती सात वर्षांनी एकदा फुलते, त्यातही सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी नाही. ज्या साली आपल्या डोंगरावर ती फुलते त्या साली व्यायामबियाम बाजूला ठेवावा.

उतरण मात्र कुणाच्या कौतुकात नसते. सगळं कौतुक चढण्याचं. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी मांडी ठणकते ती उतरण्यामुळे. खाली येताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळा भार सावरत असतो, म्हणून तो जास्त दुखावतो. वजनदार माणसानं, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं काठी घ्यावी ती उतरताना. पावलं छोटी टाकावीत आणि बुटाच्या नाड्या खाली निघण्याआधी पुन्हा आवळाव्यात, नाहीतर नखं काळी होतात. चढताना ज्यांनी मला सहज मागे टाकलं, असे कितीतरी तरुण उतरताना घसाऱ्यावर बसून येताना पाहिलेत. आनंद लपवणं तेव्हा जरा जड जातं.

दम खायची जागा माणसानं स्वतः कोरून ठेवल्याचा जुना दाखला पाहायचा असेल तर नाणेघाटात जावं, तेही जुन्नरकडून गाडीनं नव्हे, खालून, वैशाखरे गावाकडून चढून. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला जाई. जंगलातून, मग दगडांच्या वाटेनं वर आलं, की घाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी कोरलेलं लेणं आहे. नागनिका राणीचा ब्राह्मी लेख त्याच्या भिंतींवर आहे, त्यात दानांची यादी आहे, आकडे आहेत. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती समोरच्या भिंतीवर होत्या. आता वरची नावं उरली आहेत आणि काहींची पावलं तेवढी ओळखू येतात. शेजारी पाण्याची टाकी आहेत. लेणं कोरलं त्याला दोन हजार वर्षं झाली, पण चढून आलेला माणूस आजही तिथे येऊन तेच करतो. पाठीवरचं ओझं उतरवतो, भिंतीला टेकतो, पाणी पितो. पावसाळ्यात घाटाच्या कड्यावरून पडणारं पाणी कोकणातून येणाऱ्या वाऱ्यानं उलटं वर उडतं. ते पाहायला हल्ली जत्रा लोटते. त्या जत्रेतल्या किती जणांनी लेण्यात डोकावलं, हे विचारू नये.

हरिश्चंद्रगडाबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमत नाही. पाचनईहून गेलं तर वाट सोपी, ओढ्याकाठून जाणारी. खिरेश्वरहून तोलार खिंडीनं गेलं तर दिवस खाणारी. नळीच्या वाटेच्या वाटेला वाकबगार सोबत असल्याशिवाय जाऊ नये. वर केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच धड उभा आहे आणि पिंडीभोवती थंडगार पाणी. पण गड लोकांच्या मनात बसला तो कोकणकड्यामुळे. हा कडा सरळ तुटलेला नाही, तो आत वळलेला आहे, त्यामुळे काठाशी गेल्यावर आपल्या पायाखाली काही आहे की नाही याची शंका येते. काठावर उभं राहायचं नाही, पालथं पडून डोकं बाहेर काढायचं, हा तिथला रिवाज. सकाळी पाठीशी सूर्य आणि खाली कोकणात धुकं असा योग जुळला, तर त्या धुक्यावर वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध आपलीच सावली पडते. इंद्रवज्र म्हणतात ते हे. इंग्रज फौजेतल्या कर्नल साइक्सनं ते इथे पाहिल्याची जुनी नोंद आहे. गंमत अशी, की प्रत्येकाला मधोमध आपलीच सावली दिसते. शेजाऱ्याच्या इंद्रवज्रात आपल्याला जागा नाही. ते ठरवून दिसत नाही. ज्याला त्याच दिवशी खाली उतरायची घाई आहे त्याला तर मुळीच नाही. गडावर मुक्काम करावा, सकाळी कड्यावर नुसतं बसावं.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. बारी गावातून चढायचं, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. नवरात्रात खालच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका ज्या चालीनं तिथे जातात ती पाहिली, की आपल्या महागड्या बुटांचा विषय आपण काढत नाही. माथ्यावरून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले एका रांगेत दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. एकदा जरूर जावं. वारंवार जावंसं मला वाटत नाही, शिड्यांवर नजर पायरीलाच बांधलेली राहते.

वारंवार जावं ते राजगडावर. गुंजवण्याहून चोरदरवाज्याची वाट घ्यावी. शेवटचा टप्पा उभा आहे, रेलिंग धरूनच चढायचं, आणि अचानक दरवाज्यातून वाकून आत शिरलं की पद्मावती माचीची सपाटी. तिथून सुवेळा माचीवरच्या नेढ्यापर्यंत चालत जावं. कातळाला आरपार पडलेलं भोक ते, बसायला ऐसपैस आणि कायम वाऱ्याचं. संजीवनी माचीचं टोक तोरण्याकडे बोट दाखवतं, आणि ज्यांच्या पायांत अजून जीव उरलेला असतो ते धारेनं तोरण्याला निघतातही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात राजगड आहे, सिंहगड नाही. आतकरवाडीच्या वाटेवर त्यामुळे कुणाचा वेग कमी झालेला दिसला नाही.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र यातल्या कुठल्याही गडावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निसरड्या कातळावर माणसांची कोंडी झाली की चढताही येत नाही, उतरताही येत नाही. कुणाच्या तरी स्पीकरवर गाणं लागलेलं असतं, आणि कस्तूर गेलेला असतो दुसऱ्या दरीत.

सुरुवात करायची असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. गवत अजून हिरवं असतं, वाट वाळलेली असते, सोनकी पुरती ओसरलेली नसते. आठवड्यातला मधला वार बघून रजा टाका, सहाच्या आत आतकरवाडी सोडा, म्हणजे उन्हं तापायच्या आधी खाली याल. दोन लिटर पाणी घ्या. आणि ताकासाठी सुटे पैसे ठेवा, वाटेत मोबाइलला रेंज असेलच असं नाही.