राहून गेलेली गोळी

बायपासनंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा म्हणाला, "छातीत काहीतरी उड्या मारतंय." मॉनिटरवरचे ठोके १४०च्या पुढे गेले होते. तीन ग्राफ्ट व्यवस्थित बसले होते, नळ्या निघाल्या होत्या, वॉर्डात चालणंही सुरू झालं होतं. सिस्टरनी ईसीजी काढला: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी ताल सोडला होता.

"हे होतं," निवासी डॉक्टर म्हणाले. होतंच. बायपासच्या साधारण तिघा-चौघांत एकाला, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. वय जितकं जास्त तितका धोका जास्त, आणि माझ्या या थोरल्या भावाने सत्तरी ओलांडलेली.

वहिनींनी मात्र एकच विचारलं, "यांची मेटोप्रोलॉल चालू आहे ना?"

केसपेपर उलटले गेले. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी ठेवायचं म्हणून गोळी दिली नव्हती. खरं तर अशी गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येते. ऑपरेशननंतर बीपी कमी होतं म्हणून ती थांबवली, तेही योग्यच. पण दुसऱ्या दिवशी बीपी सावरलं, दादाला वॉर्डात हलवलं आणि गोळी पुन्हा लिहिलीच गेली नाही. आयसीयूला वाटलं, वॉर्ड सुरू करेल. वॉर्डाला वाटलं, आयसीयूने मुद्दाम बंद ठेवली असेल. वहिनींनी त्याच दुपारी सिस्टरना विचारलं होतं. "डॉक्टरांनी लिहिलं की देऊ," एवढंच उत्तर मिळालं होतं.

ही गोळी किरकोळ नाही. ऑपरेशननंतर शरीरात ॲड्रिनलिन उसळलेलं असतं आणि मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर त्याचा हृदयावरचा मारा बोथट करतो. वर्षानुवर्षं घेतलेलं हे औषध एकदम सुटलं, की हृदय उलट जास्तच बिथरतं. म्हणून ते शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू करावं, हे जगभर मान्य आहे. त्याला ना नवं यंत्र लागतं, ना मोठा खर्च.

संशोधन तर याच्या कितीतरी पुढे गेलंय. न्यूयॉर्कमध्ये ४२० रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ऑपरेशनच्या वेळीच हृदयाच्या आवरणाला मागच्या बाजूने छोटी चीर दिली, की तिथे साचणारं रक्त आणि पाणी डाव्या फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत निघून जातं. ही चीर दिलेल्यांत एट्रियल फिब्रिलेशन १७ टक्क्यांना झालं, न दिलेल्यांत ३२ टक्क्यांना. उलट, ताल बिघडू नये म्हणून रक्तातलं पोटॅशियम ४.५च्या वर ठेवण्याचा जुना आग्रह २०२४ मधल्या ब्रिटन-जर्मनीतल्या चाचणीत टिकला नाही, ते ३.६च्या खाली गेल्यावरच दिलं तरी ताल बिघडण्याचं प्रमाण वाढलं नाही.

अमिओडॅरोनच्या ड्रिपवर सकाळपर्यंत दादाचा ताल परतला. वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये, म्हणून काही आठवडे रक्त पातळ करणारी गोळी मागे लागली.

"गोळी दिली असती तरी झालं असतं," सर्जन नंतर म्हणाले. शक्य आहे, गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांनाही होतं. त्या रात्री मला जितकी खात्री होती, तितकी आता नाही. पण होऊ शकलं असतं म्हणून औषध राहून गेलेलं चालतं, हे अजूनही पटत नाही. बायपासला निघालेल्या प्रत्येक घराने आधीच विचारावं: चालू गोळ्यांपैकी कुठली, किती वेळ थांबणार आणि ती पुन्हा कोण सुरू करणार? उत्तर कागदावर घ्यावं. मनाने मात्र एकही गोळी देऊ नये.

डिस्चार्ज कार्डावर 'एट्रियल फिब्रिलेशन, औषधाने बरे' एवढंच आलं. मधल्या काळात मेटोप्रोलॉल दिली नव्हती, हेही लिहा, असं वहिनींनी सांगितलं. त्याची गरज नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.